वर्गातली चर्चा कुठे घ्यावी: व्हॉट्सअ‍ॅप, पॅडलेट की गूगल डॉक?

नववीला गोव्याचा जनमत कौल शिकवताना तासाला बोलतात ती नेहमीचीच चार मुलं. खरं तर 'फूल की दोन पानं', म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, हा प्रश्न गोव्यातल्या घराघरात वाद घालण्यासारखा. १६ जानेवारी १९६७ रोजीच्या कौलात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी नाकारलं गेलं, त्याबद्दल कितीतरी आजोबा अजून तावातावाने बोलतात. नातवंडं मात्र वर्गात गप्प. या गप्प मुलांना बोलतं कोण करतं, एवढ्याच कसोटीवर मी ही साधनं तोलते.

व्हॉट्सअ‍ॅप घरोघरी आहे, काही नवं शिकवावं लागत नाही. सत्तरी तालुक्यात डोंगराआड नेटवर्क क्षीण असलं तरी मजकूर उशिराने का होईना पोचतो. तरीही चर्चेसाठी मी ते सुचवणार नाही. सकाळी मांडलेला मुद्दा दुपारपर्यंत 'हो टीचर'च्या ढिगाखाली जातो. शिवाय गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि तो बहुतेक वेळा आईचा असतो. सूचना आणि गृहपाठ, एवढ्यापुरतंच ते ठेवा.

पॅडलेट म्हणजे सगळ्यांनी आपापली चिठ्ठी चिकटवायचा फळा. लिंक पाठवली की मुलांना खातं उघडावं लागत नाही, नाव न देताही लिहिता येतं. चिठ्ठी आधी शिक्षकाने वाचायची आणि मगच ती सर्वांना दिसायची, अशी सोय त्यात आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करा. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती आवाज नोंदवायची सोय. घरी कोकणी बोलणारं मूल प्रमाण मराठीत चार ओळी लिहिताना अडखळतं. तेच मूल चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी माटोळीतली, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या सजावटीतली, कवंडळं आणि कांगलां ही रानफळं दाखवून, ती रानात कुठे मिळतात हे आजीच्या तोंडून ऐकवतं, तेव्हा सगळा वर्ग कान देतो. उणीव अशी की फुकटच्या खात्यात मोजकेच फळे मिळतात. आणि चिठ्ठीखाली उत्तर देता येत असलं तरी वाद फारसा पुढे सरकत नाही.

वाद पुढे न्यायचा तर गूगल डॉक, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायचा ऑनलाइन कागद. चार-पाच जणांना मिळून एक डॉक द्या. एकाने लिहिलेल्या वाक्यावर दुसरा बाजूला शेरा मारतो, 'पुरावा काय?' विचारतो, मग पहिल्याला वाक्य सुधारावं लागतं. कोणी काय लिहिलं, काय खोडलं, हे जुन्या आवृत्त्यांत दिसतं, त्यामुळे एकट्याच मुलीने सगळं काम केलं तर तेही कळतं. अख्खा वर्ग मात्र एकाच डॉकमध्ये सोडू नका, एकमेकांची वाक्यं पुसली जातात. कोणी काय लिहिलं हे नावानिशी कळायला प्रत्येकाला खातं लागतं. ते शाळेने काढून दिलेलं असावं. फोनवर एवढं टंकणं जिकिरीचं होतं, म्हणून हे काम शाळेच्या संगणक कक्षातच घ्या.

पाचवी ते सातवीला पॅडलेट पुरे. नववी-दहावीला आधी पॅडलेटवर मतं गोळा करा, मग त्यातली परस्परविरोधी दोन निवडून डॉकमध्ये उतरवा. मुदत किमान दोन दिवसांची द्या, कारण काही घरांत फोन हाती येतो तो बाबा रात्री कामावरून परतल्यावरच.