आठ महिने टूमेनीडीजेज: सीडी बावनकशी, वैताग पेनड्राइव्हचा

गाणी मध्येच अडखळतात म्हणून गाडीचा टेप दुरुस्तीला नेला, तर दुकानदार म्हणाला, "काका, टेप ठणठणीत आहे, गाणीच तसली आहेत. नाहीतर नवा बसवा, साडेआठ हजार." तिथून उठलो तो तडक घरी.

सीडी 'अ‍ॅज हर्ड ऑन रेडिओ सोलवॅक्स पार्ट टू'. बेल्जियममधल्या गेंटचे देवाले बंधू, म्हणजेच टूमेनीडीजेज, साल २००२. दुसऱ्यांची गाणी एकात एक मिसळून, मध्ये न थांबता वाजवलेली. भाच्याने रद्दीत काढलेली, मी उचलली. खर्च शून्य. गाडीत सीडीची सोय नाही म्हणून गाणी एमपीथ्री करून, प्रत्येकाची वेगळी फाइल, पेनड्राइव्हवर टाकली, आणि दर दोन-तीन मिनिटांनी उचकी सुरू! ठेका ऐन रंगात यायचा आणि टक्. दोन महिने मी सगळ्यांना सांगत होतो, या पोरांना गाणी जोडता येत नाहीत.

ते शब्द मागे. एका रविवारी घरच्या जुन्या प्लेअरवर सीडी लावली. उचकी नाहीच. स्टूजेस या अमेरिकन रॉक बँडची १९६९ची धसमुसळी गिटार चालू आहे आणि तिच्यावर सॉल्ट-एन-पेपा या रॅप ग्रुपच्या बायका १९८७चं रॅप ठोकतायत, जणू एकाच खोलीत बसून केलंय. वेगवेगळी लावली तर ही दोन्ही गाणी मी मिनिटभर ऐकणार नाही. आपल्या ऑर्केस्ट्रात मेडली असली की मध्ये ढोलक बडवून गाणं बदलतात. इथे दुसरं कधी शिरलं पत्ता लागत नाही. पुढे अमेरिकन गायिका डॉली पार्टनची नोकरीची कटकट नॉर्वेच्या रॉयकसॉप या जोडीच्या टुणटुणत्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर येते, तिथे तर मी हसलोच.

आणि हे सगळं रीतसर परवानग्या काढून. १८७ गाण्यांसाठी विचारणा, ११४ना होकार, ६२ना नकार, ११ गाण्यांचे मालकच सापडले नाहीत. त्यासाठी शेकडो ईमेल आणि फॅक्स. आमच्या सोसायटीला पार्किंगच्या पत्र्याची परवानगी काढताना घाम फुटला होता.

मग उचकी कुठून? एमपीथ्री आवाजाचे २६ मिलिसेकंदांचे तुकडे पाडतं आणि फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटवतं. त्यात टेप पुढची फाइल उघडायला वेळ खातो. साध्या गाण्यांत कळतही नाही, पण इथे सगळी करामत सांध्यातच, आणि आम्ही नेमकी तिथेच कात्री चालवलेली.

उपाय फुकट: अख्खी सीडी एकाच फाइलमध्ये उतरवली. उचकी गेली, साडेआठ हजार वाचले. (दुकानदाराने तपासणीचे दोनशे घेतले, ते गेलेच.)

आता नवी तक्रार. डॉलीबाईंपर्यंत पोचायला बटण दाबून धरावं लागतं, आणि सिग्नल सुटला की बोट निसटून गाणं पुढे पळतं. बायको म्हणते, "पहिल्यापासून ऐका की. ऑफिस गाठायला तास लागतोच तुम्हाला."