अलास्कातली माउंटन गोटची शिकार : आगाऊ रक्कम भरण्याआधी वाचा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या शिकारप्रेमी मंडळींना गळाला लावणारी माउंटन गोटच्या (कड्याकपारीत राहणाऱ्या, शेळीसारख्या पांढऱ्या रानटी जनावराच्या) शिकारीची जाहिरात साधारण एकाच साच्यातली असते. विमान तळ्यावर उतरवेल, दुपारी शिकार, संध्याकाळी तंबूत. दर इतरांच्या निम्मा, आणि चढ 'कुणालाही जमेल असा'.

यातली उतरल्या दिवशीची शिकारच बेकायदा आहे. अलास्कात विमानाने आलात त्या दिवशी गोटवर गोळी झाडता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे 3 पर्यंत थांबावंच लागतं. निम्म्या दराचं कारण याहून वाईट. जाहिरात देणारा माणूस बहुतेक वेळा गाइड नसतोच, त्याच्याकडे फक्त वाहतुकीचा परवाना असतो. तो तुम्हाला आणि सामान पोचवू शकतो. जनावर दाखवणं, पाठलाग करणं हे त्याला करता येत नाही. राज्याबाहेरच्या माणसाने मात्र परवानाधारक गाइड किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक सोबत असल्याशिवाय गोटची शिकार करायची नाही. तळ्याकाठी सोडून तो हात वर करतो आणि गुन्हा तुमच्या नावावर नोंदला जातो.

'सोप्या चढा'बद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण खरी लबाडी तिथेच पकडता येते. दक्षिण किनाऱ्यावर चढाई अनेकदा समुद्राच्या पातळीपासूनच सुरू होते. आधी अल्डर नावाच्या झुडपांची जाळी: फांद्या उताराच्या दिशेने आडव्या वाढलेल्या, ओल्या, पाय टाकला की घसरतो. आधारासाठी हात घालावा तर डेव्हिल्स क्लब या काटेरी झुडपाचे काटे तळव्यात. मग गवताळ उतार, पावसात साबणासारखा. त्याच्या वर सुटे दगड आणि कडे. गोळी चुकीच्या जागी लागली तर जनावर कड्यावरून गडगडतं, शिंगं मोडतात, मांस वाया जातं. म्हणून जिथून ते सुरक्षित बाहेर काढता येईल तिथे येईपर्यंत थंडीत तासन् तास पडून राहावं लागतं.

आणि खरी परीक्षा उतरताना. मोठा नर शंभर किलोच्या पुढे असतो. खाण्याजोगं मांस आणणं कायद्याने बंधनकारक, शिवाय कातडं, मुंडकं, तंबू. एवढं ओझं पाठीवर घेऊन उतरताना मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला ताणाखाली ब्रेक लावत राहतात. ते थकले की सगळा भार गुडघ्यांवर. बहुतेकांचा तोल चढताना जात नाही, तो इथे जातो.

प्रामाणिक गाइड म्हणूनच पैशांआधी तुमच्या शरीराबद्दल विचारतो: किती किलो घेऊन किती मीटर चढता, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का, उंचीवर भोवळ येते का. नर-मादी ओळखण्याचा अभ्यासही करून घेतो, कारण शिंगं दोघांनाही असतात. नराची बुडाशी जाड आणि एकसारखी वळलेली, मादीची बारीक आणि टोकाशी अचानक वाकलेली. 'जंगी नर' म्हणून पाठवलेल्या फोटोत मादी दिसली, तर पुढे बोलूच नका.

करार लेखी घ्या, आणि त्यावर 'रजिस्टर्ड गाइड-आउटफिटर' या दर्जाच्या माणसाचं नाव हवंच. सहायक गाइडला शिकारीचा करार करता येत नाही. तो दर्जा राज्याच्या परवान्यांच्या नोंदीत स्वतः तपासा, आणि त्याला कोणत्या क्षेत्रात काम करायला परवानगी आहे तेही विचारा. ग्राहक 'शारीरिकदृष्ट्या असमर्थ' ठरल्यास पैसे परत नाहीत, असं कलम प्रामाणिक करारातही असतं. पण जो सोपा चढ म्हणून विकतो आणि हेच कलम पुढे करतो, त्याला एक पैसाही देऊ नका.

आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डानेच भरा. वायर ट्रान्सफर किंवा गिफ्ट कार्ड मागितलं तर नकार द्या. पैसे गेलेच असतील तर संदेश, पावत्या, फोटो जपून ठेवून त्याच दिवशी बँकेला कळवा, आणि एफबीआयच्या ऑनलाइन तक्रार केंद्रात नोंद करा.