आईसाठी घेतलेली लाईटवाली बेल, ९ महिने वापरून

आईला कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे पण ते अर्धा दिवस डबीतच, कारण कुकर, मिक्सर, भांडी सगळं एकदम कानात आदळतं म्हणते, आणि दुपारी पडताना तर काढावंच लागतं. मग व्हायचं काय, गॅसवाला सिलिंडर घेऊन दोन मजले चढणार, बेल दाबदाबून वैतागून परत जाणार, आणि आई आत निवांत पेपर वाचतेय!

शेवटी ऑनलाईन साडेआठशेची वायरलेस बेल मागवली, वाजताना जिचा निळा लाईट लकलक करतो. बटण दाराबाहेर चिकटवायचं, रिसीव्हर आत प्लगमध्ये, वायरिंग-बियरिंग काही नाही. घ्याल तर दोन रिसीव्हरवाला सेट घ्या, एक ओट्यासमोर, एक बेडरूममध्ये, कारण लाईट पाठीमागे लागला तर दिसणार कसा.

ट्यून म्हणाल तर ५२, पण निम्म्याहून जास्त चिमणीसारख्या बारीक. वयोमानाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक आवाजच जातात, म्हणून आईला बाबांचं कळतं आणि नातीचं नाही. मी एकेक वाजवत गेले, ती डोळे मिटून बसलेली, ३१ नंबरला एक जाडसर घंटा आली तशी म्हणाली, "ही देवळातली, हीच ठेव." आता गॅसवाला सवयीने चारदा दाबतो तर दार उघडून त्यालाच ऐकवते, "अरे बहिरी आहे, आंधळी नाही."

आता रड. घरातली लाईट गेली की रिसीव्हर ठप्प. रेंज ३०० मीटर लिहिलीय पण आमच्या दोन भिंतींपलीकडे बेडरूमचा रिसीव्हर कधीकधी गप्पच. जुलैत बटणात पाणी जाऊन सेल गंजला, विकणाऱ्याला तीन मेसेज टाकले, उत्तर शून्य. सध्या बटणावर दुधाची पिशवी कापून लावलीय, दिसतं भिकार पण चालतंय.

बेल तर झाली, पण आलेल्या माणसाशी बोलायचं कसं? त्यासाठी अँड्रॉइड फोनवर लाईव्ह ट्रान्सक्राईब टाकून दिलं, फुकट आहे, मराठी चालतं, समोरचा बोलेल ते अक्षरांत येतं, अक्षरं मोठी करता येतात. आई फोन दारातच पुढे धरते, कुरिअरवाला आधी दचकतो, मग माईकसारखं त्यात बोलायला लागतो.

मावशीलाही बेल हवीय, तिच्याकडे लाईट सारखी जाते, म्हणून तिला सेलवर चालणारा रिसीव्हर शोधतेय.