साठ-सत्तर हजारांत कुठली गाडी: विनापासिंगची ई-स्कूटर, जुनी पेट्रोल की हप्त्यावरची नवी?

घरात एक जादा दुचाकी हवी आणि हातात साठ-सत्तर हजार आहेत, असं झालं की पुण्यात तीन गाड्या डोळ्यांपुढे येतात. पहिली म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातली ‘पासिंग नाही, लायसन नाही’ पाटीवाली ई-स्कूटर, चायनीज किटपासून इथे जोडलेली. दुसरी, पाच-सहा वर्षं वापरलेली पेट्रोलची. तिसरी, नावाजलेल्या कंपनीची नवी इलेक्ट्रिक: हातातले पैसे भरायचे, बाकी हप्ते. बिबवेवाडीतल्या आमच्या घरात या तिन्ही नांदून झाल्या आहेत. पहिलीबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण फसायची जागा तीच.

आधी तिचा कायदा. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर नियमाने ती मोटार वाहन धरली जात नाही. त्यासाठी चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. अशा संस्थांपैकी एआरएआय आपल्याच टेकडीवर आहे, पण तिथे रोज सकाळी फिरायला जाणारा मीही दुकानदाराकडे तो कागद मागितला नव्हता. तुम्ही मागा.

आता २५० वॉट म्हणजे किती? स्वयंपाकघरातला मिक्सर ५०० ते ७५० वॉटचा असतो. गाडी आणि माणूस मिळून १६० किलो धरा. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता असेल तर एवढ्या ताकदीत ती ताशी नऊ-दहा किमीने वर जाते. आमच्याजवळच्या अप्पर इंदिरानगरच्या चढाला बायको मागे बसली की तिला उतरून चालावं लागायचं, आणि ती माझ्याआधी पोहोचायची. यावर दुकानदाराकडे तोडगा असतोच: ‘एक वायर काढतो, चाळीसनं पळेल.’ ती वायर काढली की सवलत गेली. मग तुम्ही रस्त्यावर विनानंबर, विनाविमा मोटार वाहन चालवताय. कुणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या खिशातून.

पण आमचा खरा खर्च बॅटरीत झाला. स्वस्त गाडीत लेड-ॲसिडच्या १२ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. त्यातली एक बसली की बाकी चारही तिच्यामागून ढेपाळतात. दुकानदार तेवढी एकच बदलून देतो, आणि जुन्या चारांच्या संगतीत नवीही लवकर जाते. गावाला जाताना गाडी उतरलेल्या चार्जवर आठवडाभर उभी ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि पल्ला कायमचा घटतो. आमचा संच चौदा महिने चालला, सुमारे आठ हजार किमी. नवा चौदा हजारांना पडला. म्हणजे किलोमीटरला पावणेदोन रुपये नुसते बॅटरीचे, वर विजेचे चाळीस-पन्नास पैसे. पेट्रोलची गाडी ४५चं ॲव्हरेज देत असेल तर शंभरीपार पेट्रोलमध्येही किलोमीटर सव्वादोन-अडीच रुपयांतच पडतो. ‘पेट्रोल वाचतं’ म्हणून घेतलेली गाडी शेवटी त्याच आकड्याशी आली.

मग पावसाळा. मोटर मागच्या चाकात, तिला बॅटरीची वीज मोजून देणारा कंट्रोलर पायाखाली, आणि जोडण्यांवर पाणी अडवायला फार काही नाही. पाणी साचलेल्या रस्त्यातून दोनदा गेल्यावर आमची गाडी झटके देऊ लागली: मोटर किती फिरली ते कंट्रोलरला कळवणाऱ्या हॉल सेन्सरच्या पिनांना गंज. पुढे कंट्रोलर जळाला. तोवर दुकानाच्या जागी मोबाइल कव्हरवाला आला होता. नाना पेठेत कंट्रोलर मिळाला, पण किट दुसऱ्या लॉटचं, कनेक्टर वेगळा. मोटरच्या पिवळ्या-हिरव्या-निळ्या तीन वायरी आणि सेन्सरच्या तीन, यांच्या जोड्या ३६ प्रकारे लागू शकतात. मेकॅनिकने दुपारभर लावून पाहिल्या. चाक एकदा उलटंही फिरलं. बिघाड कुठल्याही गाडीत होतो हो, पण इथे त्या बिघाडाला वालीच नव्हता.

जुनी पेट्रोल गाडी या बाबतीत सरळ. बेल्ट, रोलर, ब्रेक लायनर कुठल्याही गल्लीत मिळतात आणि बदलणाराही तिथेच असतो. मात्र गाडी पाहायला सकाळी जा आणि मालकाला आधी चालू करून ठेवू नका म्हणा. थंड इंजिन कसं उठतं ते कळतं. निळसर धूर दिसला तर इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा. आरसीवर कर्जाचा बोजा नाही ना, विमा चालू आहे ना, चासी नंबर जुळतो ना, हे बघून २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सही घ्या आणि गाडी नावावर होईपर्यंत पाठ सोडू नका. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी मी घेणार नाही. पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर मागे लागतात.

कंपनीच्या नव्या इलेक्ट्रिकमध्येही डोळे झाकून विश्वास नको. मार्च २०२२ मध्ये लोहगावात भररस्त्यात पेटलेली स्कूटर कोपऱ्यावरच्या दुकानातली नव्हती, नावाजलेल्या कंपनीचीच होती. त्यानंतर बॅटरीसाठीचे एआयएस-१५६चे नियम कडक झाले, दोन टप्प्यांत: डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३. म्हणून त्याआधीची सेकंडहँड इलेक्ट्रिक मी टाळतो. नवी घेताना बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, आणि सर्व्हिस सेंटर कुठे, एवढं लेखी घ्या. चेतक आकुर्डीत बनते म्हणून ती आपली वाटते, पण तिच्यासाठीही हेच दोन प्रश्न. सोसायटीत चार्जिंगला सॉकेट नसेल तर हा पर्याय आत्ताच सोडा. सभासदांच्या बैठकीत तो विषय कधी संपेल सांगता येत नाही.

माझा कौल: रोज वीस किमीच्या आत, चढ आणि डबलसीट असेल तर जुनी पेट्रोल. रोज तीस-चाळीस किमी, पार्किंगमध्ये स्वतःचा सॉकेट आणि हप्ता झेपणारा असेल तर नवी इलेक्ट्रिक. विनापासिंगची फक्त एकाला सांगेन: सदाशिव पेठेसारख्या सपाटीवर राहणाऱ्या, मंडई ते घर एवढंच फिरणाऱ्या, एकट्या माणसाला. तेही दुकान निदान तीन-चार वर्षं त्याच जागी असेल आणि त्याच मॉडेलचा कंट्रोलर दुकानदार आत्ता कपाटातून काढून दाखवत असेल तर. आमची शेवटी भंगारात गेली. भंगारवाल्याने पाच बॅटऱ्यांचे वजनावर पैसे दिले आणि गाडीचे विचारल्यावर म्हणाला, ‘ती नेतोय ना, तेच समजा.’