हिमालयन ४११ साठी टायर: ५०-५० नॉबी की ७०-३०?

रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ चे टायर बदलायची वेळ आली की हा प्रश्न येतोच. ५०-५० म्हणजे अर्धं डांबर, अर्धा कच्चा रस्ता धरून बनवलेला, मोठे सुटे रबरी ठोकळे (नॉब्ज किंवा ब्लॉक) असलेला नॉबी टायर, ७०-३० म्हणजे ७० टक्के डांबर आणि ३० टक्के कच्चा रस्ता धरलेला. मी दोन्ही प्रकार वापरलेत. पुण्यात रोजचं ऑफिस, पावसाळ्यात ताम्हिणी-वरंध घाट आणि जमेल तेव्हा कोकणातले कच्चे रस्ते, असा माझा वापर आहे, तुमचा वेगळा असेल तर उत्तरही वेगळं निघू शकतं.

कोकणातल्या लाल चिखलात ५०-५० ला तोड नाही हे आधीच सांगतो. पुढचं चाक वळवाल तिकडे जातं, ७०-३० च्या खाचा थोड्याच अंतरात चिखलाने भरतात आणि मग हँडल वळलं तरी गाडी सरळच जाते. देशावरच्या काळ्या मातीत मात्र दोन्ही सारखेच, ती माती नॉब्जच्या मधे पण बसते आणि मडगार्डखाली पण, पावसात तिथे टायरच्या भरवशावर शिरूच नये.

नॉबीच्या आवाजाचं म्हणाल तर त्याची सवय होते. मला सवय झाली नाही ती हँडलच्या थरथरीची. पुढच्या नॉबीवर ब्रेक मारला की प्रत्येक ब्लॉक जरा वाकतो, त्याची एक कड जास्त घासते आणि दुसरी उंच राहते. टायरवरून हात फिरवून बघा, एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि उलटा फिरवला की करवतीसारख्या कडा बोटांना लागतात. मग सिग्नलजवळ येताना ताशी ५० वरून ३० वर उतरलात आणि पकड जरा सैल सोडली की हँडल हलायला लागतं. बॅलन्सिंग केलं, कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) तपासला, चाकाचं बेअरिंग बघितलं, फरक शून्य, कारण दोष कशातच नव्हता, टायर झिजतोच तसा. रोज ट्रॅफिकमधे ब्रेक मारत जाणाऱ्याला हे रोज सोसावं लागतं, आणि त्यात ताम्हिणीच्या ओल्या वळणावर ब्लॉक खाली हलल्यासारखे वाटतात ते वेगळंच.

७०-३० टाकल्यावर हे सगळं थांबलं. खडी आणि मुरमावर हवा थोडी कमी केली की माझं तरी काम भागतं, फक्त ट्यूब आहे हे लक्षात ठेवून फार खाली जाऊ नका, टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह उपटतो. हिमाचलातल्या स्पितीसाठी नॉबीच हवेत असं बरेच जण म्हणतात, मनालीकडून तिथे जाताना लागणाऱ्या ग्रांफू-लोसर पट्ट्यात ते बरे पडतील हे मान्य, पण पुण्याहून मनालीपर्यंतच २००० किमीच्या आसपास डांबर आहे आणि नॉब्ज तिथेच झिजणार.

शनिवार-रविवार खरोखर चिखलातच जात असतील तर ५०-५० खुशाल घ्या, निदान पुढे तरी, कारण पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. बाकीच्यांनी माझ्या मते ७०-३० घ्यावा. आणि कुठलाही घेतलात तरी साइडवॉलवरचे (टायरच्या बाजूवरचे) तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचूनच पैसे द्या, २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा, पुढचा २१ इंची टायर दुकानात बरेच दिवस पडून असू शकतो.