रत्नागिरीचं मत्स्यालय: शंखांपाशी जरा थांबा

पेठकिल्ल्याला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. देवमाशाच्या सांगाड्यापुढे सगळे फोटो काढतात, काढावेतच. मी मात्र सोबतच्यांना शंखांपाशी थांबवते. शाळेत रसायनशास्त्र शिकवते ना! जीव, औषध आणि रसायन यांचं नातं समजवायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

कोनशंखच घ्या. अंगावर सुंदर नक्षी, पण आतला जीव दातातून विष टोचून भक्ष्य लुळं करतो. मासे खाणाऱ्या एका जातीच्या विषातल्या पेप्टाइडवरून, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीवरून, झायकोनोटाइड हे वेदनाशामक तयार झालं. अमेरिकेत त्याला २००४ साली मान्यता मिळाली. ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. तिथे ते चेतापेशींचे कॅल्शियम-मार्ग अडवतं आणि वेदनेचा निरोप पुढे जात नाही. मॉर्फिनही वेदना शमवतं, पण त्याची वाट निराळी. जिवंत कोनशंखाला मात्र मुलांना हात लावू देऊ नका.

वेळ काढून सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या पठारावरची, कातळशिल्पंही बघाच. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी जांभ्यात मुशी (शार्क) नि पाकट (चपटे रे मासे) कोरलेत. समुद्राचा अभ्यास तेव्हाही चालूच होता, असं मी ठामपणे मानते.

मुलांना वही-पेन्सिल द्या, आणि घाईत जाऊ नका.