आईचे कुर्ते, ठाण्याचं वेस्टसाइड आणि सिमोन टाटा

आईला रोजच्या वापराला सुती कुर्ते हवे होते म्हणून बुधवारी दुपारी तिला घेऊन ठाण्यातल्या वेस्टसाइडला गेले. त्याआधी राम मारुती रोडवरच्या एका दुकानात आमचा चांगलाच पोपट झाला होता, एक्सएल म्हणून घेतलेला कुर्ता घरी आणल्यावर दंडात घट्ट आणि बदलून द्यायला साफ नकार, आई तर म्हणाली आता साड्याच बऱ्या. इथे मात्र उत्सा या त्यांच्याच ब्रँडमधला पहिलाच कुर्ता नीट बसला, मग त्याच साइजचे अजून दोन रंग ट्रायल न घेताच उचलले आणि घरी घालून बघितले तर तेही तसेच बसले!

हे असं का जमतं, तर तिथे रॅकवर जवळपास सगळा माल त्यांच्या स्वतःच्याच ब्रँडचा. दहा कंपन्यांचे कपडे आणून लावले की दहा मापं होतात, इथे कापड, माप, किंमत सगळं एकाच घरात ठरतं.

आणि हे दुकान ज्यांनी उभं केलं त्या सिमोन टाटांबद्दल मला लिहायचंच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये त्या गेल्या, ९५ वर्षांच्या होत्या. जन्म जिनिव्हाचा, १९५३ मध्ये भारत बघायला आल्या, १९५५ मध्ये नवल टाटांशी लग्न झालं आणि इथल्याच झाल्या. १९६१ मध्ये लॅक्मेत आल्या, १९८२ मध्ये अध्यक्ष. आईचं लग्न १९८३ चं, तिची लॅक्मेची लिपस्टिक जांभळी नाक्यावरून घेतलेली, तो रंग तिला अजून आठवतो. मी तिला ट्रायल रूमच्या बाहेर सांगितलं की तुझी लिपस्टिक आणि हा कुर्ता एकाच बाईच्या हाताखालून आलेत, तर ती दोन मिनिटं नुसती बघतच राहिली.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. इतकी वर्षं वाढवलेली लॅक्मे हिंदुस्तान लिव्हरला विकली आणि १९९८ मध्ये, म्हणजे साठी उलटून गेल्यावर, ट्रेंट ही कंपनी काढून कपड्यांच्या धंद्यात उतरल्या, लिटलवूड्स या ब्रिटिश कंपनीचं बेंगळुरूचं दुकान घेतलं आणि त्याचं वेस्टसाइड झालं. मॉल वगैरे प्रकार तेव्हा आपल्याकडे धड नव्हते हो! २००६ पर्यंत त्या ट्रेंटच्या अध्यक्ष होत्या.

असो, कुर्त्यांचं सांगते. कापड मऊ आहे, दोन धुण्यात रंग गेला नाही, बाह्या पुरेशा लांब. प्रसिद्ध ब्रँडची जीन्स वगैरे हवी असेल तर दुसरीकडे जा. मदतीला आलेली मुलगी आईशी मराठीत बोलली, काकू हा रंग तुम्हाला खुलतो म्हणाली आणि खरंच खुलत होता, मोरपंखी. आई आता पुढच्या महिन्यात मावशीला घेऊन जायचं म्हणतेय.